फाईलचं आडनाव दाखवा

अमरावतीचा राजकमल चौक घ्या, नाहीतर अकोल्याचा टॉवर चौक. एखाद्या सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात जा आणि कॉम्प्युटरवर कुठलंही फोल्डर उघडायला सांगा. बहुतेक ठिकाणी फायलींची नावं अर्धीच दिसतील. ‘सातबारा’ दिसेल, पुढचं ‘डॉट जेपीजी’ की ‘डॉट पीडीएफ’ ते दिसणार नाही. मायक्रोसॉफ्टने १९९५ च्या विंडोज ९५ पासून फाईलचं हे आडनाव झाकून ठेवलंय आणि आजचा नवा कॉम्प्युटरही तसाच झाकलेला येतो. हे उघडं करा. आजच करा.

झाकण्याचा भुर्दंड कोण भरतं बघा. मूर्तिजापूरकडचा शेतकरी फॉर्म भरायला येतो. सातबाऱ्याचा फोटो मोबाईलवरून कॉम्प्युटरवर घेतला जातो. साइटला हवी पीडीएफ. केंद्रावरचा पोरगा राइट क्लिक करून रिनेम करतो, ‘सातबारा डॉट पीडीएफ’ असं टाइप करतो आणि अपलोड मारतो. साइट नाकारते. पुन्हा मारतो, पुन्हा नाकारते. “पीडीएफ तं हाये ना, नाव वाचा तुमी!” नाव तसंच दिसतं, पण फाईल प्रत्यक्षात ‘सातबारा डॉट पीडीएफ डॉट जेपीजी’ झालेली असते. शेवटचा तुकडा विंडोजने लपवला. मग ठरलेलं उत्तर येतं, “सर्व्हर डाऊन हाये काका, उद्या येजा.” काका उद्या येतात. एसटीचं तिकीट पुन्हा, दिवस पुन्हा मोडला, आणि सोयाबीन सोंगायचं तसंच पडलेलं.

नाव बदलल्याने फाईल बदलत नाही. फोटो उघडा, प्रिंट द्या, प्रिंटरच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा. विंडोज १० आणि ११ मध्ये ही सोय आयती बसवलेली असते, पैसे पडत नाहीत.

आणि सेटिंग? विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडल्यावर वर ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’, त्यात ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’वर गेलं की चौकोन समोरच असतो. टिक करा. लगे हाथ मोठमोठी चित्रं दाखवणारा व्ह्यू बदलून ‘डिटेल्स’ लावा. मग प्रत्येक फाईलचा प्रकार, तारीख आणि केबी एका ओळीत दिसतात. सरकारी साइट केबीवरून फाईल परत पाठवते, तेव्हा हाच आकडा आधी बघायचा असतो. डाउनलोड्समध्ये शंभर स्कॅन पडलेले असताना या काकांचा कोणता आणि त्या ताईंचा कोणता, हे तारखेवर क्लिक केलं की सापडतं. मायचा आधार लेकीच्या फॉर्मला जोडला जाण्याचे प्रकार यानेच थांबतील.

हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाच्या ईमेलने जगभरातले लाखो कॉम्प्युटर बिघडवले. जोडलेल्या फाईलचं नाव ‘टीएक्सटी’ने संपतंय असं दिसायचं, साधं पत्र वाटायचं. खरा शेवट ‘व्हीबीएस’, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्राम. विंडोजने नेमका तोच शेवट झाकला होता. आता तीच चाल मोबाईलवर आलीये. लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येते, नावाचा शेवट ‘एपीके’. इथे तो शेवट झाकलेलाही नसतो, पण नावाचा शेवट वाचायची सवयच आपल्याला कॉम्प्युटरने लागू दिली नाही. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ असतो; एपीके कधीच नसते. एपीके म्हणजे अ‍ॅप. ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, आपण देतो, ओटीपी चोराकडे जातो आणि खातं रिकामं होतं. पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. चहा नंतर.

दुसरी गोष्ट पेन ड्राइव्हची. विद्यार्थी प्रोजेक्ट प्रिंट करायला जातो, पेन ड्राइव्ह लावतो, आणि सगळी फोल्डरं शॉर्टकट झालेली. “गेलं सगळं, फॉरमॅट मारा लागते.” काहीही गेलेलं नसतं! व्हायरसने खरी फोल्डरं लपवून त्यांच्या नावाचे शॉर्टकट पुढे मांडलेले असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. ‘शो’मध्येच ‘हिडन आयटम्स’ आहे, ते टिक करा. तरी दिसलं नाही तर ‘फोल्डर ऑप्शन्स’मधली ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ची टिक काढा, काम झालं की परत लावा. फोल्डर दिसलं की आतलं लिखाण काढून घ्या, अँटिव्हायरस फिरवा. वर्षभराचा प्रोजेक्ट एका क्लिकने उडवायचा अधिकार दुकानदाराला कोणी दिला?

“फॉरमॅट मारा” हे वाक्य आपल्याकडच्या रिपेअरिंगचं एकमेव औषध होऊन बसलंय, आणि मला त्याचा खरा संताप आहे. प्रोग्राम उघडताना पाटी येते, ‘व्हीसीरनटाइम १४० डीएलएल’ सापडत नाही. पाटी स्वतःच काय हरवलं ते सांगते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ फुकट उतरवून बसवायचं. बहुतेक वेळा प्रोग्राम चालू होतो. त्याऐवजी पाटीवर ‘ओके’ दाबून ती घालवली जाते आणि विंडोज नव्याने टाकली जाते. “फोटो राह्यतील ना भाऊ?” “डी मधले राह्यतील.” पण माणसांनी फोटो डेस्कटॉपवर ठेवलेले असतात आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो. बारशाचे, लग्नाचे, गेलेल्या आजीचे फोटो पाचशे रुपये देऊन पुसून घ्यायचे? डीटीपीवाल्याचे तर जुने मराठी फॉन्टही जातात. मग पंधरा वर्षांच्या पत्रिका उघडल्या की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा चिखल.

तेव्हा पाटी आली की ‘ओके’ दाबण्याआधी मोबाईलने तिचा फोटो काढा. मग विंडोजच्या शोधचौकटीत ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडेल. कोणत्या तारखेला कोणता प्रोग्राम कोसळला तिथे लाल फुलीखाली दिसतं. फुलीवर क्लिक करून तपशील उघडला की बिघडलेल्या भागाचं नावही बऱ्याचदा मिळतं. त्याच दिवशी काही नवीन बसवलं होतं का, तेही त्याच पानावर सापडतं. दुकानात गेल्यावर एवढंच विचारा, हे पान पाहिलं का? पाहिलं नसेल आणि तोंडातून पहिला शब्द फॉरमॅटचा निघाला, तर मशीन उचला आणि शेजारच्या दुकानात न्या.