साभार परत

घरात सगळ्यात कमी बोलतो तो बॅकअप, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही.

रात्री दोनला क्रॉन उठतो, झेडएफएसचा स्नॅपशॉट घेतो आणि आदल्या स्नॅपशॉटनंतर जे बदललं तेवढंच नाशिकला धाकट्या भावाकडच्या सर्व्हरवर पाठवतो. मासिकातली क्रमशः कादंबरीच म्हणा ना. मागचं प्रकरण दोन्हीकडे हवं. जागा करायच्या उत्साहात ते पुसलं गेलं, की पलीकडून नवं प्रकरण साभार परत! मग पहिल्या पानापासून सगळं पाठवा. घरच्या इंटरनेटचा जीव जातो. म्हणून त्या स्नॅपशॉटवर ‘होल्ड’ लावावा. मग पुसायला गेलं की ‘डेटासेट इज बिझी’ असं अस्सल सरकारी उत्तर मिळतं. वीज गेलीच, तर रिसीव्हला ‘-एस’ जोडलेला असावा. पाठवणं तुटलं तिथून पुढे चालू होतं.

विजेपेक्षा भाऊ अवघड. “दादा, मी हात नाही लावला, नुसतं आत जाऊन बघितलं!” अरे, बघितलंस तेच नडलं. फोल्डर उघडला की ‘शेवटचा कधी वाचला’ ही नोंद बदलते, आणि पुढचा स्नॅपशॉट घ्यायला सर्व्हर नकार देतो. आता तिकडे ‘रीडओन्ली’ लावलंय. भावाला नाही, डेटासेटला.

पण ही सगळी भांडणं निदान ऐकू येतात. गिटलॅब या कंपनीचं बघा. 31 जानेवारी 2017 ला तिथल्या अभियंत्यानं भलत्याच सर्व्हरवरचा सुमारे 300 जीबी डेटा उडवला. बॅकअपचे मार्ग एक सोडून पाच, वेळेला एकही धड नाही. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यानं केव्हाचा बंद पडलेला; तो बिचारा ईमेलनं तक्रारही करत होता, पण डिजिटल सहीची अट न पाळल्यामुळे ईमेलच नाकारली जात होती. सुमारे सहा तास आधी कुणीतरी हातानं घेतलेल्या स्नॅपशॉटनं लाज राखली.

तेव्हापासून ‘पाठवलं’ या निरोपाला मी किंमत देत नाही. अधूनमधून बाबांच्या सातबाऱ्याचा स्कॅन नाशिकहून परत मागवून उघडून बघतो. आणि तिकडच्या सर्व्हरलाच काम लावलंय: सगळ्यात ताजा स्नॅपशॉट 26 तासांपेक्षा जुना झाला, की बोंब मार. भाऊ गाढ झोपणारा, म्हणून बोंब थेट भावजयीच्या मोबाइलवर जाते.

परवा पहाटे तिचा फोन आला. “दादा, तुमचं ते खोकं ठणाणा करतंय. प्लग काढू का?”