शंभराची नोट साठ रुपयांना

३१ वर्षं मी बँकेच्या काउंटरवर नोटा मोजल्या. गड्डीत एखादी नोट खोटी असली तर डोळ्यांआधी अंगठा थांबायचा. मग ती दिव्यासमोर धरायची, वॉटरमार्क बघायचा, शिक्का मारायचा, जप्त करायची आणि समोरच्याच्या हातात पावती ठेवायची. पैसे नाहीत, पावती. एकदा एक भाजीवाल्या मावशी पाचशेची नोट घेऊन आल्या. खोटी निघाली. मावशींनी पावती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "म्हंजे मेथीबी गेली आन् पैसंबी गेलं?" मी म्हणालो, "मावशी, नियम आहे." आवाजात थोडा रुबाबही असावा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर माझ्या अंगठ्यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही.

निवृत्तीनंतर माझी बदली नातवाच्या गावात झाली. हे गाव मोबाइलमध्ये आहे. मुलीनं त्याला रोज अर्ध्या तासाचा कोटा ठरवून दिलेला. गावाला मात्र सकाळ-संध्याकाळ माणूस लागतो. खाणीतलं सोनं गोळा करायचं, रात्री कोणी येऊन लुटून गेलं असेल तर नुकसानीचा अंदाज घ्यायचा. मे महिन्याची सुट्टी संपवून ठाण्याला परतताना त्यानं माझ्या मोबाइलवर गाव उघडून दिलं आणि म्हणाला, "आबा, तुम्ही फक्त कॅश सांभाळा." माझी छाती दोन इंच फुगली.

या गावात सोनं कष्टानं मिळतं, रत्नं मात्र पैसे मोजून. तटबंदी उभारायला गवंडी चौदा दिवस घेतो. रत्नं दिली की तीच तटबंदी एका क्षणात उभी. म्हणजे आपल्याकडच्या गवंड्यासारखाच आहे, फरक एवढाच की हा पैसे घेतल्यावर खरंच काम करतो. नातवाचा बारावा वाढदिवस आला आणि त्यानं बाराशे रत्नं मागितली. खेळातल्या अधिकृत दुकानात भाव ९०० रुपये. ते देणं अशक्य नव्हतं. पण एखादी वस्तू छापील किमतीला घेतली की त्या रात्री मला झोप लागत नाही.

सोसायटीतल्या एका मुलानं मला एका ग्रुपमध्ये घातलं. तिथं तीच बाराशे रत्नं ५४० रुपयांना. विक्रेत्याच्या फोटोत सिंह होता आणि नावापुढे बरोबरची खूण, त्यानं स्वतःच टाइप केलेली. "ब्रो, हंड्रेड परसेंट सेफ," तो म्हणाला. वयाच्या ६१व्या वर्षी मला पहिल्यांदाच कोणीतरी ब्रो म्हटलं. काउंटरपलीकडून मला लोकांनी बऱ्याच नावांनी हाक मारली होती, त्या मानानं हे फारच सभ्य.

खरं तर इथं अंगठा थांबायला हवा होता. ९००चे ५४० म्हणजे शंभराला साठ. शंभराची नोट साठ रुपयांना कोण विकतो? ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे पन्नास दिवस मी काउंटरवर काढलेत. त्या दिवसांत हजाराची नोट सातशेला मागणारे लोक पाहिलेत. बँकेत नव्यानं लागलेल्या पोरांना मी सांगायचो, नोट स्वस्तात मिळाली की समजावं, ती एक तर मेलेली आहे, नाहीतर खोटी आहे, नाहीतर दुसऱ्याची आहे. चौथं कारण नसतं. पण अंगठा थांबायला हातात नोट लागते. इथं हातात नुसती काच होती.

ब्रोनं पासवर्ड मागितला. "गावात जाऊन रत्नं ठेवावी लागतात," म्हणाला. पटलं, लॉकरमध्ये काही ठेवायचं तर लॉकर उघडावाच लागतो. पाठोपाठ ओटीपी आला आणि ब्रोचा फोनही आला. मी चष्मा लावला आणि त्याला अख्खा मेसेज वाचून दाखवला. आधी सहा आकडे आणि मग, सावकाश, "हा क्रमांक कोणालाही सांगू नका." "थँक यू ब्रो," तो म्हणाला.

पाच मिनिटांत बाराशे रत्नं गावात हजर! नातवानं तटबंदी एका फटक्यात उभी केली आणि फोनवर "आबा, तुम्ही एक नंबर!" असं ओरडला. संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर मी ३६० रुपये कसे वाचवावेत यावर व्याख्यान दिलं. दोघांनी ब्रोचा नंबर लिहून घेतला. त्यांना कुठली रत्नं हवी होती, कोणास ठाऊक.

अकराव्या दिवशी सकाळी सोनं गोळा करायला गेलो तर रत्नांच्या जागी आकडा होता, उणे १२००. खाली सूचना, भरणा होईपर्यंत गाव बंद. नोकरीत माझी कॅश तीनदा शॉर्ट आली, तीही पन्नासच्या वर कधी नाही. पैसे खिशातून भरले आणि मगच घर गाठलं. आणि आता, निवृत्तीनंतर, काल्पनिक गावातल्या काल्पनिक तिजोरीत मी बाराशेनं शॉर्ट!

मुलीनं फोनवर समजावलं. असा स्वस्त माल बहुतेक वेळा अधिकृत दुकानातूनच घेतलेला असतो, अगदी पूर्ण किमतीला. फक्त कार्ड दुसऱ्याचं असतं, चोरलेलं. दुसऱ्याच्या पैशानं ९००ची वस्तू घेऊन ५४०ला विकली तर तोटा कसला? मग कार्डाचा मालक तक्रार करतो, बँक दुकानाकडून पैसे परत ओढते आणि कंपनी खेळाडूकडून रत्नं. काही ब्रो स्वतःच्या कार्डानं घेतात आणि माल तुम्हाला दिल्यावर 'चुकून खरेदी झाली' म्हणून परतावा मागतात. शेवट तोच. माझी रत्नं तर केव्हाच तटात चिणली गेली होती, म्हणून उणे. "म्हणजे बाबा, चोरीचा पैसा तुमच्या हातून धुऊन निघाला," ती म्हणाली. बँकेच्या माणसाला 'धुऊन' हा शब्द फार लागतो.

पासवर्डाची गोष्ट वेगळीच. बायकोचं नाव आणि लग्नाचं साल, एवढाच तो पासवर्ड. तोच ईमेलला, तोच विजेच्या बिलाला, तोच रेल्वेच्या तिकिटाला. दिवसभर सात ठिकाणी बदलत बसलो. "म्हणजे ५४० रुपयांना माझं नाव विकलंत?" ही म्हणाली. मग स्वतःच दुरुस्ती केली, "नाही, विकणारा पैसे घेतो. तुम्ही तर वर दिलेत." आणि १९३०ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा म्हणून मागे लागली. फोन केला. "काय खरेदी केलं होतं?" या प्रश्नाला "रत्नं" असं उत्तर देताना माझा आवाज किती बारीक झाला होता, ते मलाच माहीत.

कंपनीलाही पत्र धाडलं. मी चोरी केलेली नाही, मला दुसऱ्यानं दिली, माझा काय दोष? चार सेकंदांत उत्तर आलं. अनधिकृत विक्रेत्याकडून चलन घेणं नियमांत बसत नाही. भरपाई मिळणार नाही. मावशी, नियम आहे. त्यांना निदान पावती तरी मिळाली होती.

नाचक्की झालेला माणूस आपल्याआधी कोण कोण फसलं ते शोधतो. मीही शोधलं, आणि बरं वाटायच्या ऐवजी गुंगच झालो. खेळातलं सोनं विकणं हा धंदा एकेकाळी एवढा मोठा होता की २००६ साली गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेनं इतरांबरोबर मिळून अशा एका हाँगकाँगच्या कंपनीत ६ कोटी डॉलर गुंतवले. ते पैसे आणण्यासाठी धावपळ करणारे स्टीव्ह बॅनन पुढे २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचाराचे प्रमुख झाले. रुनस्केप या खेळाच्या कंपनीनं अशा विक्रीला कंटाळून २००७-०८च्या सुमारास खेळाडूंच्या आपसातल्या देवघेवीवरच मर्यादा घातल्या. आणि २०११ साली चक्क खेळाडूंचं मत घेऊन त्या उठवल्या. नोटबंदीचे पन्नास दिवस काढलेल्या माणसाला यातलं 'मत घेऊन' हे फार गोड वाटतं.

२०१९ साली काउंटर-स्ट्राइक या खेळातल्या पेट्यांच्या किल्ल्यांचीही अशीच गत झाली. बाजारात फिरणाऱ्या जवळजवळ सगळ्या किल्ल्या फसवणुकीच्या पैशातून आल्या असाव्यात, असं सांगून वाल्व्ह कंपनीनं नव्या किल्ल्यांची खेळाडूंमधली देवघेव आणि विक्रीच बंद केली. एक किल्ली म्हणजे जेमतेम अडीच डॉलर. आमच्याकडे एवढ्या किरकोळ रकमेला कोणी स्लिपसुद्धा भरत नाही.

पण एका बातमीपाशी मी थांबलो. २०११ साली ब्रिटनच्या 'गार्डियन'नं चीनमधल्या श्रमछावणीतून सुटलेल्या एका कैद्याची हकिकत छापली होती. दिवसा कोळशाच्या खाणीत दगड फोडायचे आणि रात्री पहाऱ्यात बसून खेळात सोनं कमवायचं; विकून येणारा पैसा पहारेकऱ्यांचा. ठरलेलं सोनं भरलं नाही तर मार. म्हणजे स्वस्तात मिळणारा पैसा कुणाच्या तरी खिशातून येतो, नाहीतर कुणाच्या तरी पाठीतून. माझ्या तीन कारणांच्या यादीत हे चौथं नव्हतं.

शेवटी नातवाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आबा, एवढं स्वस्त कोण देतं?" बारा वर्षांचं पोर, एका सेकंदात. अंगठा न वापरता.

त्या रात्री मी अधिकृत दुकानातून बाराशे रत्नं पूर्ण ९०० रुपयांना घेतली. एकूण खर्च १,४४०. गाव उघडलं. गवंडी हातोडा घेऊन तसाच उभा होता. तिजोरीत आकडा आला, शून्य. कॅश टॅली! छापील किंमत मोजूनही गाढ झोप लागायची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच रात्र ठरणार होती.

तेवढ्यात मोबाइल वाजला. नवा नंबर, तोच सिंह. "ब्रो, दिवाळी ऑफर, फिफ्टी परसेंट ऑफ, हंड्रेड परसेंट सेफ."

सवयीनं मोबाइल उचलून दिव्यासमोर धरला. पलीकडचं काहीच दिसलं नाही.