सून कुठल्या पडद्यावरची?

टेबलावर दोन मॉनिटर असले की फोटो चांगले येतातच असं नाही, पण घरी आलेला माणूस 'एवढं काय करता हो यावर?' असं विचारतो. हप्ते भरतो ते या प्रश्नासाठीच. दारातून दोन्ही पडदे दिसावेत म्हणून मी टेबलही तिरकं करून घेतलंय.

नवा २७ इंची फोरके, ३८४० बाय २१६० पिक्सेलचा. जुना २४ इंची, १९२० बाय १०८०. नव्यावर इंचाला साधारण १६३ पिक्सेल, जुन्यावर ९२. हे आकडे मी कुणी न विचारताही सांगतो.

दोघांचं आपसात जमत मात्र नाही. नव्यावरची खिडकी जुन्यावर ओढत नेली की वाटेत फुगते आणि पलीकडे पोचताच दचकून आक्रसते. नव्याच्या खालच्या भागातून डावीकडे निघालेला माउसचा बाण तर मध्येच अडतो, कारण तिथे शेजारी पडदाच नाही, असं संगणकाचं ठाम मत असतं. सेटिंगमध्ये जाऊन दोन चौकटी नीट लावाव्या लागतात. खरी गोची शंभर टक्क्यांची. शंभर टक्के म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर. त्यामुळे तोच चेहरा नव्यावर जेमतेम अर्ध्याहून थोडा मोठा आणि तुकतुकीत दिसतो. मग शार्पनिंगला हात सैल सुटतो, आणि जुन्यावर पाहावं तर केसांभोवती पांढरी किनार! मी आता तह केलाय: फोटो नव्यावर, पट्ट्या आणि अवजारं जुन्यावर. दोघांचं मत घेण्याच्या भानगडीत पडत नाही.

हा तह भाचीच्या लग्नाच्या अल्बमपर्यंत टिकला. करिझ्मा अल्बमचं उघडलेलं पान १२ बाय ३६ इंच, म्हणजे ३०० पिक्सेलच्या हिशेबानं रुंदीच १०,८००. दोन्ही पडदे जोडले तरी मावत नाही. ते छोटं करून दोन्हीकडे लावलं होतं, आणि फोटो निवडायला आलेल्या विहीणबाई पाठीशी उभ्या होत्या.

"मामा, ती नको. ही सून ठेवा," त्यांनी जुन्या पडद्याकडे बोट दाखवलं.

१९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं सगळ्या पडद्यांवर रंग सारखे दिसावेत म्हणून एसआरजीबी नावाचं प्रमाण सुचवलं. ते आमच्या जुन्या पडद्याच्या कानावर गेलेलं नाही. त्याचं पॅनेल टीएन जातीचं, वरून पाहिलं की सगळं फिकं दाखवणारं. विहीणबाई उभ्या होत्या म्हणून सून गोरी होती. मी लगबगीनं खुर्ची पुढे केली. त्या बसल्या आणि सून सावळी झाली.

"अगंबाई! आता काय केलंत?"

"काही नाही. तुम्ही बसलात."

"मग जरा उजळ करा की. तुमच्याकडे एवढं सगळं आहे."

आहे ना. नारिंगी रंगाचा उजळपणा वाढवणारा एक स्लायडर आहे. तुमची, माझी, सगळ्यांची कातडी त्या नारिंगीतच राहते. मी तो ओढून दाखवला. भाची उजळली, पण मुंडावळ्यांतला झेंडू पांढुरका पडला आणि हातावरची हळद उडाली. फक्त चेहरा निवडूनही हे करता येतं, पण ते मी सांगितलं नाही. ही मुलगी उन्हात रांगोळी काढत बसायची तेव्हापासून तिला 'टोपी घाल, काळी पडशील' हे ऐकवणाऱ्यांत मीही होतो. आता तिच्या लग्नाच्या फोटोतही तेच! चीड आली, आणि ती विहीणबाईंवर काढण्याइतका मी सोवळा नव्हतो. स्लायडर गुपचूप शून्यावर आणला.

"झेंडू गेला हो," विहीणबाई स्वतःच म्हणाल्या. "राहू दे."

अल्बम छापून आला. रंग आहे तसा, हळद आहे तशी. विहीणबाईंनी तो खिडकीच्या उजेडात पानापानानं पाहिला, सुनेच्या फोटोवर दोनदा हात फिरवला आणि मान डोलावली. मग कन्यादानाच्या पानावर थबकल्या.

"मामा, तुमच्या डोळ्यांखालची वर्तुळं कुठं गेली हो?"

"फोरके आहे," मी म्हणालो, "त्यात बारीकसारीक दिसत नाही."