अख्खी सोसायटी बाटली!

ऐकलंत का? आपल्या सोसायटीची सहल यंदा अष्टविनायकाला गेलीच नाही! गेली कुठे, तर नाशिकला. नाशिक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे रामकुंड, काळाराम, फार तर त्र्यंबकेश्वर आलं असेल, तर तुमच्यासारखे भोळे तुम्हीच. बस थांबली ती थेट गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षमळ्यात. तिथे उतरून आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाने रांगेत उभं राहून मनगटाला कागदी पट्टे बांधून घेतले. मनगटाला! जिथे परवापर्यंत सत्यनारायणाचा लाल दोरा होता, तिथेच! शिव शिव शिव.

आणि तोंडं कशी? चेहऱ्यावर लाज नाही, संकोच नाही, उलट परीक्षेला बसल्यासारखा गंभीर भाव. विचारलं तर म्हणतात, ‘पिणं नव्हे हो, टेस्टिंग!’ बघा, एका शब्दाने केवढं पुण्य पदरात पडतं ते. पिणारा माणूस वाया गेलेला. टेस्टिंग करणारा अभ्यासू. पिऊन घरी आला तर बायको दार उघडत नाही; टेस्टिंग करून आला तर फोटो काढते. किंबहुना तीही बरोबरच असते.

आठवा जरा आपला जुना जमाना. परमिट रूमच्या दाराला रेक्झिनचा मळका पडदा, आत पिवळा दिवा, बाहेर पडताना तोंडात बडीशेप आणि मनात वडील. बाटली घरी यायची ती वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत, शक्यतो शेजाऱ्यांची सिरियल चालू असताना. आणि आता? आता तीच बाटली तागाच्या खास पिशवीतून, मान बाहेर काढून, लिफ्टमध्ये सगळ्यांना नमस्कार करत येते. फुटाणे, शेव, उकडलेले शेंगदाणे यांना आपण इमानेइतबारे चखणा म्हणत होतो. तोच लाकडी पाटावर चार चीजच्या तुकड्यांशेजारी बसला की त्याचं पेअरिंग होतं. पाट तर आपलाच, मुंजीतला! पोरगा बसायचा त्या पाटावर आता कॅमेम्बर बसतं. सांगा, कुणाकडे दाद मागायची?

बरं, हे खूळ आलं कुठून? परदेशातून म्हणाल, तर अर्धंच खरं. पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव आपल्याला माहीत, ते तमाशापंढरी म्हणून. पण ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी त्याच गावाजवळ शॅतो इंडाज उभं केलं आणि फेसाळती वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठवली. म्हणजे ढोलकी आणि शँपेनच्या घराण्यातला बुडबुडा एकाच पंचक्रोशीत! पुढे 2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरणच आखलं. तिकडे नाशकात अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांच्या सुला वाइनयार्ड्सची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली आणि 2005 मध्ये मळ्यातच टेस्टिंग रूम उघडली. तेव्हा आपण काय म्हणालो होतो? ‘मराठी माणूस कशाला जातोय तिथे!’ आज शनिवारी तिथल्या पार्किंगमध्ये जागा मिळत नाही, आणि गाड्यांच्या काचांवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलेलं असतं.

आणि तो समारंभ तरी काय वर्णावा! समोर ओळीने पाच-सहा प्याले. प्रत्येकात किती? तर तीर्थाएवढी. लहानपणी तीर्थ हातावर घेऊन ओला हात डोक्यावरून फिरवायचो ना, तितकीच. पैसे मात्र अभिषेकाचे. मग एक तरुण मुलगा येतो आणि म्हणतो, ‘आधी बघा.’ आपण बघतो. ‘आता फिरवा.’ आपण प्याला फिरवतो. शेजारच्या काकूंच्या साडीवर शिराझ. ‘आता नाक घाला.’ झालं! आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याचा सराव असलेली आपली मंडळी या एका विषयात पहिल्या वर्गात पास होतात.

मग काचेवरून ओघळणारे थेंब दाखवत तो सांगतो, याला वाइनचे अश्रू म्हणतात. की लगेच एक जण मान डोलावून म्हणतो, ‘वा, उंची दिसते.’ अहो, उंची कसली! मद्यार्क पाण्याच्या आधी उडून जातो, उरलेल्या पाण्याचा ताण वाढतो, रस काचेवर वर ओढला जातो आणि जड झाला की ओघळतो. जेम्स थॉमसन नावाच्या शास्त्रज्ञाने 1855 सालीच याचा उलगडा केलाय. अश्रू दर्जाचे नव्हेत, मद्यार्काचे. दारूपायी अश्रू येतात हे आपल्या आज्या न शिकता सांगत होत्या, ते वेगळंच.

पण सगळ्यात कहर म्हणजे थुंकणं. होय, थुंकणं! घोट घ्यायचा, तोंडात खळखळवायचा आणि समोरच्या भांड्यात सोडून द्यायचा. ज्या महाराष्ट्राच्या प्रत्येक जिन्यात ‘येथे थुंकू नये’ असं लिहून आणि कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावून दोन पिढ्या थकल्या, तिथली सुशिक्षित माणसं आता तिकीट काढून थुंकतात! बी विंगमधल्या एकाने तर पणजोबांचं पितळी तस्त माळ्यावरून काढून, चिंच लावून लखलखीत केलंय. पणजोबा पानाची पिंक टाकत, पणतू पिनो न्वारची. घराण्याचा वारसा म्हणतात तो हाच का?

आणि ती भाषा! नाकाने कांदे सोलणे हा वाक्प्रचार आपल्या पूर्वजांनी कुठल्या दूरदृष्टीने करून ठेवला, हे आता कळतं. एका प्याल्यात म्हणे ओलं गवत, दुसऱ्यात चामडं, तिसऱ्यात पेन्सिलचा भुगा. रिझलिंगला पेट्रोलचा वास आला की जाणकार खूश, सोव्हिन्यों ब्लांला मांजराच्या मुताचा आला तरी तक्रार नाही! आपल्या जिन्यात तोच वास आला तर सेक्रेटरीला तीन पत्रं जातात. या वासांचं रीतसर चक्र आहे, 1984 साली कॅलिफोर्नियातल्या ॲन नोबल यांनी ते मांडलं, फळं, फुलं, मसाले, माती अशी खानेसुमारी करून. ते चक्र आता आपल्या बँकवाल्या काकांच्या फ्रिजवर आहे. पूर्वी तिथे कालनिर्णय होतं. काका रोज म्हणतात, ‘ब्लॅककरंट जाणवतोय.’ काका, खरं सांगा, ब्लॅककरंट तुम्ही आइस्क्रीमच्या बाहेर कधी पाहिलाय का? जांभूळ म्हणा, करवंद म्हणा! ते टॅनिन टॅनिन काय लावलंय? सालीतून, बियांमधून येतं ते, कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर जीभ जशी आखडते तसंच. आपल्याकडे त्याला तुरट म्हणतात. पण तुरट म्हटलं की तिकीट कोण काढणार?

तज्ज्ञांचंही फार मनावर घेऊ नका. 1976 साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांची नावं झाकून चव घेतली आणि पांढरी असो वा लाल, पहिला नंबर दिला तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या वाइनला. मग नावं उघडली आणि तोंडं मिटली. त्याहून गोड किस्सा बोर्दोचा. फ्रेडरिक ब्रोशे नावाच्या संशोधकाने वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, फक्त तिच्यात बिनवासाचा लाल रंग मिसळून. पोरांनी लाल वाइनचे ठेवणीतले शब्द काढून तिचं वर्णन केलं! म्हणजे जीभ डोळ्यांचं ऐकते. आपल्याकडे याला ‘रंगावर जाऊ नका’ म्हणतात, पण ते लग्न जमवताना आणि तेही दुसऱ्याचं.

बाटलेल्यांची यादी काढायची तर सोसायटीचं रजिस्टरच वाचावं लागेल. भिशीच्या वहिनी. पूर्वी भिशीला साबुदाणा वडे असायचे, आता ‘थीम’ असते. परवाची थीम होती ‘मिसळ आणि शेनँ ब्लां’. का, तर तिखटापुढे जरा गोडसर, गार पांढरी वाइन टिकते, लाल वाइनचा तुरटपणा तिखट आणखी पेटवतो. हे त्या इतक्या आत्मविश्वासाने सांगतात, जणू पाटावर बसून आजेसासूबाईंनीच शिकवलं. बँकवाले काका लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला हवी म्हणून एप्रिलभर ती पुस्तकांच्या कपाटात ठेवून बसले. अहो, ती रूम युरोपातली, सोळा-अठरा अंशांची! कोथरूडच्या उन्हाळ्यात वाइनचा काढा झाला. काकांनी तोही ‘वेल रोस्टेड’ म्हणून संपवला. एका तरुणाने तर नोकरी सांभाळून लंडनच्या संस्थेची वाइनची परीक्षा दिली. लेव्हल टू! त्याच्या आईने पेढे वाटले. कशाचे म्हणून सांगितलं असेल बिचारीने?

आणि तुडवण्याचा सोहळा! जानेवारी ते मार्च, तोडणीच्या दिवसांत मोठमोठ्या टबांत द्राक्षं ओततात आणि माणसं पाय धुऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वर नाचतात. खरी वाइनची द्राक्षं यंत्रातच चिरडली जातात, पण ऐकतो कोण? निफाडहून आलेले एकाचे सासरे हे बघत शांतपणे उभे होते. उभा जन्म बागेत गेलेला माणूस. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधेच अवकाळी, गारपीट, डाउनीचा रोग. ते एवढंच म्हणाले, ‘जावईबापू, आमची बाग दरवर्षी पाऊस फुकटात तुडवतो. तुम्ही पैसे देऊन तुडवता होय?’ जावईबापूंचा एक पाय टबात, एक बाहेर. फोटो मात्र छान आला.

आता म्हणाल, समाजाने विरोध नाही केला? केला ना! जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मुभा देण्याचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! ‘मद्यराष्ट्र’ झालं म्हणून टीका, राळेगणसिद्धीहून अण्णा हजारेंचा उपोषणाचा इशारा. उलट बाजूने, वाइन म्हणजे दारू नव्हेच, असंही ठणकावून सांगितलं गेलं. बियर पाच-सात टक्के, ही बारा-चौदा टक्के, पण दारू नव्हे! निर्णय बारगळला. आपणही गच्चीवर निषेधाची सभा घेतली होती. संस्कृतीवर भाषणं झाली. सभा संपल्यावर खाली कुणाच्या घरी कितीजण ‘थोडं बसायला’ गेले, याचं इतिवृत्त सेक्रेटरींनी लिहिलेलं नाही. तुम्ही होतात ना? आम्हीही होतो. आणि मुळात आपल्या संस्कृतीचंच म्हणाल, तर कौटिल्याने अर्थशास्त्रात द्राक्षाच्या मद्याची नोंद केलीय, त्याला ‘मधु’ म्हटलंय आणि कापिशायन असा त्याचा गावठिकाणासह प्रकारही सांगितलाय. घ्या! बाटलीवर गावाचं नाव मिरवायची हौस फ्रेंचांनीच केली असं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं ते निदान एकटं. आपण सभा घेऊन पितो.

राहता राहिल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आत्या. वय ऐंशी, सोवळं आता सुटलेलं पण नाक शाबूत. आंबा देठाशी हुंगून पेटीतला नासका सांगणाऱ्या, स्वयंपाकघरात न शिरता ‘आमटीला मीठ कमी आहे’ म्हणणाऱ्या. गेल्या रविवारी भाच्याने फ्रान्सहून कपड्यांत गुंडाळून आणलेली बाटली फोडली. जुनी, बुचाची, महागाची. दहाजण जमले. लेव्हल टूने प्याला फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘फॉरेस्ट फ्लोअर. जुनं तळघर. काय कॅरेक्टर आहे!’ काकांना अळंबी सापडली. वहिनींना ‘थोडं गूढ’ वाटलं. आपण? आपणही ‘व्वा’ म्हणालोच की. आत्यांनी कुतूहलाने प्याला नुसता नाकाशी नेला आणि खाली ठेवला. ‘अरे, याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. पावसात भिजलेल्या गोणपाटासारखा. खराब झालंय हे.’

सगळे हसले. लेव्हल टू हसला नाही. त्याने हळूच पुन्हा नाक घातलं, मग पुस्तक उघडलं. बुचातून कधी कधी एक रसायन उतरतं आणि वाइनचा वास मारून टाकतं. ते ओळखायची खूण पुस्तकात छापलेली होती, अगदी त्याच शब्दांत: ओला पुठ्ठा. दहा जाणकारांनी नासकी बाटली ‘गूढ’ म्हणून वाखाणली होती, आणि ज्यांनी कधी थेंब चाखला नाही त्यांनी एका हुंगण्यात निकाल दिला होता.

बाटली मोरीत गेली. घरात जरा शांतता पसरली. काकांनी खिडकी उघडली.

पुढच्या शनिवारी पुन्हा बस ठरलीय, नाशिकचीच. आत्यांनी नाव दिलंय. म्हणजे आम्हीच आग्रह केला, परीक्षक बरोबर असलेला बरा. त्यांनी एकच अट घातलीय: ‘तिथे थुंकायला लावतात म्हणे. मी नाही हो थुंकणार. पैसे दिलेत ना?’

तेवढी एक जागा शिल्लक आहे. बघा, येताय का? अर्थात निषेध नोंदवायलाच!