काखेतला सरंजाम

(बंदुकांच्या दुकानाचा अंतर्भाग. एक उभा आरसा, एक खुर्ची, खुंटीवर चामड्याचे पट्टे. जिल्हाधिकारी कचेरीच्या शस्त्र-परवाना शाखेतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले अण्णा येथे सल्लागार आहेत. खुर्चीवर, प्रेक्षकांना न दिसणारे, एक स्थूल सराफ.)

या शेटजी, बसा. उभे राहू नका. ज्याला काखेत रिव्हॉल्व्हर बाळगायचे आहे त्याचे माप उभ्याने घेणे हा अज्ञ शिंप्याचा प्रमाद होय, कारण हा पट्टा सोयीचा वाटतो तो बसलेल्या माणसाला. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांत आणि विमानांत कोंबलेल्या अमेरिकन सैनिकांना कमरेचे पिस्तूल काढणे दुरापास्त होई, म्हणून सरकारने त्यांना ते छातीशी बांधून दिले. मोटारीत कमरेला पट्टा आवळून बसणाऱ्यालाही तोच न्याय लागू पडतो. आणि आपण तर गादीवरून क्वचितच उठता, असा आपला लौकिक आहे.

(परवाना डोळ्यांजवळ धरून) .३२ बोअर, कानपूरचे. ठीक. नऊ मिलिमीटरचे मागितले असते तर ‘निषिद्ध बोअर’ असा शेरा मारून आपली दरखास्त मीच परत केली असती; तो शेरा माझ्या अक्षरात फार शोभत असे. तर, शस्त्राचे वजन काडतुसांवाचून सुमारे सातशे ग्रॅम. एवढे सोने असते तर आपल्याला ते दिवसभरात एकदाही जड वाटले नसते, हे मी जाणतो. परंतु पोलाद हा धातूच अरसिक, तो तासाभरात मानेवर फिर्याद दाखल करतो. म्हणून अरुंद पट्टा घ्यावयाचा नाही. तो दिसतो नाजूक आणि रुततो सावकारी तगाद्यासारखा. रुंद घ्या, आणि पाठीवर पट्टे जिथे एकत्र येतात तो जोड मानेवर न चढता दोन्ही खवाट्यांच्या मधोमध बसतो, व आपण वाकलात तर आपल्याबरोबर वळतो, एवढी खातरजमा करा. डाव्या काखेत शस्त्र, उजव्या काखेत काडतुसांची पिशवी. नाहीतर आपण एका अंगाला कलून चालू लागाल आणि पेठेत अर्धांगाची वार्ता पसरेल. गिऱ्हाईक डावखुरे असले, तर हा सारा मामला अपसव्य करावा लागतो.

(एक पट्टा उचलून) हा आडवा. रिव्हॉल्व्हर जमिनीशी समांतर राहते, मूठ पुढे, हाताला झटकन सापडते. नळी मात्र मागे! म्हणजे बँकेच्या रांगेत आपण सभ्यपणे उभे असता, आपल्या पाठीमागच्या सद्गृहस्थावर आपण अहोरात्र नेम धरून आहात, आणि त्याला तसे कळवण्याची शासकीय पद्धत नाही. चाप पूर्ण झाकलेला हवा, वरची बटणपट्टी घट्ट हवी, हे सांगतो ते त्याच्याच वतीने. शस्त्र उपसताना हात छातीवरून आडवा जातो, नळी आपल्याच डाव्या दंडावरून व शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून फेरी मारून मग शत्रूकडे वळते, आणि या कारणास्तव कित्येक नेमबाजी मैदानांवर या पट्ट्याला मज्जाव असतो. हा दुसरा उभा. यात नळी खाली, जमिनीकडे. मागचा गृहस्थ निर्धास्त, परंतु याचे टोक कमरपट्ट्याला बांधावे लागते. आपण नेसता धोतर. कासोट्याला बांधून पाहू म्हणता? शेटजी, शस्त्र खेचले आणि कासोटाही त्याच्याबरोबर आला, तर चोर पळेल हे निश्चित, पण पंचनाम्यात काय लिहावे?

काय म्हणता, जेम्स बाँडसारखा द्या? (हात जोडून) सगळी तरुण गिऱ्हाइके हेच म्हणतात. आपण साठी ओलांडून म्हणता, हा उत्साह स्तुत्य आहे. पण त्या बाँडचीच हकिगत ऐका. त्याच्या काखेत आरंभी बेरेटा नावाचे चिमुकले पिस्तूल, तेही मऊ कातड्याच्या पिशवीत असे. १९५६ साली ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड नामक शस्त्रज्ञाने लेखक इयान फ्लेमिंगला पत्र घातले की, महाराज, हे पिस्तूल स्त्रियांच्या बटव्यातले. बाँडला रिव्हॉल्व्हर द्या, आणि ते बर्न्स-मार्टिन पट्ट्यात ठेवा. हा पट्टा फार कल्पक. पुढून उघडा, आत स्प्रिंग. ती रिव्हॉल्व्हरच्या फुगीर चक्राला कवटाळून बसते, आणि हिसका दिला की शस्त्र पुढूनच हाती येते. फ्लेमिंग इतका कृतज्ञ, की १९५८ च्या ‘डॉक्टर नो’ कादंबरीत त्याने शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याचे नावच मेजर बूथरॉइड ठेवले. आणि पट्टा? तोही घेतला, अगदी नावानिशी. मात्र त्यात ठेवले काय, तर वॉल्थर पीपीके! ते पिस्तूल, शेटजी. त्याला चक्रच नाही. स्प्रिंगने कवटाळावे कोणाला? तज्ज्ञाचा सल्ला मागवावा, त्यावर सन्मानपूर्वक शिक्का उमटवावा आणि अंमलबजावणी नेमकी उलटी करावी, ही आमच्या कचेरीची परंपरा ब्रिटिशांनी आम्हाला कोठून आणून दिली, हे मला ती कादंबरी वाचून उमजले.

शिवाय बाँडला कोट असतो. काखेतल्या पट्ट्याचे खरे मोल तिथे द्यावे लागते: वर कोट हवा, तो अंगावरून कधी उतरता कामा नये, आणि डाव्या काखेत शिंप्याकडून थोडा सैल करून घेतलेला हवा. मे महिना, लग्नाचा मांडव, पंखा बंद, आणि यजमान आग्रह करताहेत, ‘कोट काढा, मोकळे बसा.’ आपण काढू शकत नाही. घामाने चामडे भिजते, चामड्याने सदरा रंगतो, आणि वाढप्याने पंगतीत पुन्हा जिलबी आणली, तरी ‘नको’ म्हणायला हात वर करता येत नाही, कोट उघडतो!

(कानोसा घेऊन) निवडणुकीत काय करायचे? रास्त सवाल. आचारसंहिता लागली की बहुधा नोटीस येते, आणि शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते. पट्टा जमा करण्याविषयी नोटिशीत अक्षर नाही. मी ती नोकरीभर टंकलिखित केलेली आहे. त्या काळात रिव्हॉल्व्हरच्या जागी चुन्यासकट पानाचा लांबट डबा आणि काडतुसांच्या पिशवीत अडकित्ता ठेवावा, तोल यथास्थित राहतो. फक्त रात्री कोणी दार ठोठावले, तर सवयीने हात घालून झटकन उपसू नका. चुना डोळ्यात जातो.