काच चिरतरुण, बंपर म्हातारा

दहा वर्षं ओलांडलेल्या गाडीचा दरवाजा विमा कंपनीच्या लेखी अर्धाच असतो. पत्र्याच्या भागांवरचा घसारा वयाबरोबर चढतो: पहिले सहा महिने शून्य, दहा वर्षांनंतर थेट ५० टक्के. प्लॅस्टिकचा बंपर तर जन्मतःच अर्धा म्हातारा. गाडी कालच शोरूममधून निघालेली असली तरी त्याचे ५० टक्के कापलेच जातात. काच तेवढी चिरतरुण, तिला घसारा नाही.

समजा, पुण्यात अकरा वर्षांच्या छोट्या गाडीला रिक्षाने घासलं. दरवाजा ८,०००, बंपर ४,०००. कंपनी म्हणणार, सहा हजार. त्यातून सक्तीची वजावट १,०००. शिवाय पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस गेलाच. घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ कव्हर घ्यायचं होतं की! पण इतक्या जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या ते देतच नाहीत.

सर्व्हेअर येतो, चार फोटो काढतो, दरवाजाखालचा गंज नखाने खरवडतो आणि विचारतो, “हे आधीचंच ना?”

थर्ड पार्टीचा हप्ता मात्र गाडीचं वय विचारत नाही. तो इंजिनाच्या सीसीवर ठरतो.

गॅरेजवाल्याचा हिशेब एव्हाना झालेला असतो. “क्लेमचं राहू द्या साहेब, दरवाजा ठोकून देतो. बंपर जुन्या बाजारात मिळेल.”