इश्यू असाइन करा ना, सर

मी रोज संध्याकाळी लॅपटॉप उघडून नेमकं काय करतो, हे पाहुण्यांना सांगायची जबाबदारी बायकोने आपणहून घेतली आहे. "फुकटची सॉफ्टवेअरं करतात," असं ती सांगते. "पगार?" "नाही." "मग कंपनीचं नाव काय?" "कंपनीच नाहीये." यावर पाहुणे माझ्याकडे सहानुभूतीने बघतात आणि चहाचा दुसरा कप नको म्हणतात.

आमचं सॉफ्टवेअर देवनागरी टाइप करण्यासाठीचं आहे. ते जगभरातले मूठभर लोक आपापले व्याप सांभाळून चालवतात. त्यांत एक जर्मन बाई आहेत, नाशिकचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत आणि मी आहे. कोड सगळ्यांना खुला. कुणीही यावं, दुरुस्ती सुचवावी, ती बरी असेल तर आम्ही घ्यावी. इथवर सगळं गोड आहे. गडबड होते ती विद्यार्थी आल्यावर.

गूगलने २००५ साली 'समर ऑफ कोड' नावाचा उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने एखाद्या मुक्त प्रकल्पात सुट्टीभर काम करायचं, प्रकल्पातल्या जाणत्याने मेंटॉर म्हणून त्याला शिकवायचं आणि पैसे गूगलने द्यायचे. पहिल्या वर्षी यशस्वी विद्यार्थ्याला ४,५०० डॉलर आणि प्रकल्पाला त्याच्यामागे ५०० डॉलर असा हिशोब होता. आता रक्कम देशागणिक बदलते आणि २०२२ पासून विद्यार्थी असण्याचीही अट नाही. मेंटॉरला मिळालाच तर टी-शर्ट. शिकणाऱ्याला मानधन आणि शिकवणाऱ्याला टी-शर्ट देणारी ही जगातली बहुधा एकमेव शाळा असावी.

मार्च-एप्रिलमध्ये अर्ज भरायचे असतात, त्यामुळे जानेवारीपासूनच निरोपांचा पाऊस सुरू होतो. "रिस्पेक्टेड सर, मी थर्ड इयर कॉम्पला आहे, मला तुमच्या प्रकल्पाची अत्यंत आवड आहे, कृपया मार्गदर्शन करावे." प्रकल्पाचं नाव मधल्या जागेत नंतर चिकटवलेलं स्पष्ट दिसतं, कारण तेवढ्याचाच फाँट वेगळा असतो. जर्मन बाईंनाही 'रिस्पेक्टेड सर' असंच लिहिलेलं असतं. त्यांनी एकदा मला विचारलं, की ही भारतातली एखादी पदवी आहे का? मी हो म्हणून सांगितलं.

दुसरा निरोप हमखास ठरलेला: "इश्यू असाइन करा ना, सर." इश्यू म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीची नोंद. नवख्यांसाठी आम्ही काही सोप्या चुका मुद्दाम न सुधारता ठेवतो आणि त्यांवर 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावतो. तासाभरात सगळ्यांवर हक्क सांगून झालेला असतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसा प्रकार. सीट अडते, रुमालाचा मालक मात्र गाडीत कधी चढतच नाही. महिन्याभराने आम्ही रुमाल हळूच उचलला की तो धावत येतो: "सर, त्याच्यावरच काम चालू होतं!"

मोठ्या प्रकल्पांचे हालही काही वेगळे नाहीत. डिजिटल ओशन ही कंपनी २०१४ पासून ऑक्टोबर महिन्यात 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. मुक्त प्रकल्पांना चार दुरुस्त्या सुचवा, टी-शर्ट मिळवा, अशी योजना होती. २०२० साली टी-शर्टच्या ओढीने असा लोंढा आला, की जगभरच्या प्रकल्पांच्या माहितीपत्रकांत कुणी 'छान प्रकल्प' असं घुसवलं, तर कुणी नुसता स्वल्पविराम हलवला. आयोजकांना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाने आपणहून होकार दिलाय, तिथलंच काम धरायचं. २०२३ साली तर टी-शर्ट देणंच थांबवलं. २०२४ मध्ये एक्सप्रेस या प्रसिद्ध प्रकल्पाच्या माहितीपत्रकात आपलं नाव घालणाऱ्या सूचनांची रांग लागली. एका शिकवणीच्या व्हिडिओत तसं करून दाखवलं होतं, म्हणून. किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरणारी आपली परंपरा डिजिटल झाली, एवढंच.

पण खरी गंमत मुलाची निवड झाल्यानंतर सुरू होते. एका वर्षी आम्हाला लखनौकडचा एक हुशार मुलगा मिळाला. टाइप केल्यावर अक्षरं नीट जुळतात की नाही, हे तपासणाऱ्या आमच्या काही चाचण्या आहेत. त्याने कोडमध्ये भराभर सुधारणा केल्या. सगळं वेगाने चालायला लागलं आणि सगळ्या चाचण्या पास! मी खूश. मग नाशिकच्या गृहस्थांचं पत्र आलं. नव्या आवृत्तीत त्यांनी लग्नाच्या कामांची यादी टाइप केली होती. 'आचाऱ्यांना आगाऊ रक्कम द्यावी' असं लिहायचं होतं, उमटलं 'आचार्यांना आगाऊ रक्कम द्यावी'. सह्याद्रीच्या दऱ्यांचाही दर्या झाला होता. मुलाला विचारलं, "अरे, यासाठी चाचणी होती ना?" तो म्हणाला, "होती सर. फेल होत होती, म्हणून काढून टाकली."

त्याला रागवायची सोय नव्हती. अर्धा ऱ हिंदीत नसतो, त्यामुळे त्याने तो जन्मात पाहिला नव्हता. त्याला वाटलं, ही आमच्याच कोडमधली घाण आहे. मग मी त्याला अर्धा ऱ शिकवला, युनिकोडमधली त्याची जागा दाखवली, चाचणी का काढायची नसते हे सांगितलं. हे सगळं इंग्रजीत, लेखी आणि चांगल्या शब्दांत, कारण आमच्या आचारसंहितेत 'गाढवा' हा शब्द बसत नाही. दुरुस्ती चार ओळींची. मी स्वतः केली असती तर चहा निवायच्या आत झाली असती. शिकवण्यात आठवडा गेला.

फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात लिहून ठेवलंय, की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर जास्तीची माणसं लावली की ते आणखी रखडतं, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. ब्रुक्स यांनी हे आयबीएममधल्या अनुभवावरून लिहिलं. तिथे निदान नव्या-जुन्या सगळ्यांना पगार होता.

शिवाय हा 'समर' अमेरिकेचा. जून ते ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे धो धो पाऊस आणि भरलेली कॉलेजं. त्यामुळे कारणं ठरलेली: एटीकेटीचा पेपर, जर्नल, सबमिशन, लाईट गेली. मुलगा तीन आठवडे गायब असतो आणि अर्ध्या टप्प्याच्या मूल्यमापनाच्या आदल्या रात्री हजारो ओळींचा एकच गठ्ठा पाठवून देतो. आता पास करायचा की नापास, हे माझ्या हातात. नापास केला तर पैसे बंद, काम बंद. तिकडे त्याच्या आईने पूर्ण आळीला 'मुलगा गूगलमध्ये लागलाय' म्हणून पेढे वाटलेले असतात. ही नोकरीही नाही आणि इंटर्नशिपही नाही, असं गूगल स्वतःच सांगतं; पण पेढ्यांपुढे गूगलचं कोण ऐकतो? मी तो गठ्ठा रात्रभर वाचतो.

आता तर गठ्ठा वाचणाराच माणूस उरलाय, लिहिणारा माणूस असेलच असं नाही. मी दोन शब्दांत शंका विचारतो: "हे फंक्शन कुठलं?" क्षणार्धात उत्तर येतं: "आपण अत्यंत महत्त्वाचा मुद्दा उपस्थित केलात." खाली पाच परिच्छेद, ठळक मथळ्यांसह. ते फंक्शन जगात कुठेच नसतं. कर्ल प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग अशा यंत्रलिखित खोट्या तक्रारींबद्दल गेली काही वर्षं जाहीरपणे वैतागत आहेत. मला त्यांचा वैताग कळतो. 'सर, कळलं नाही' असं सरळ लिहिणाऱ्या मुलाचा मला आता मुका घ्यावासा वाटतो.

मग हे करायचं कशाला? यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो. प्रकल्पाला कोड मिळतो म्हणून, असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. तेवढ्या वेळात आम्ही त्याच्या दुप्पट कोड लिहू. शेवटचा हप्ता जमा झाला की बहुतेक मुलं प्रमाणपत्र लिंक्डइनवर लावून नाहीशी होतात, आणि त्यांच्या वयाला ते शोभूनच दिसतं.

पण मधूनच एखादी येते. एका मुलीने अर्जबिर्ज काही केला नव्हता. 'तुमच्या सूचनांमधली चौथी पायरी चुकीची आहे, मी सुधारून पाठवलीय,' एवढंच तिने लिहिलं. सर नाही, रिस्पेक्टेड नाही. पायरी खरोखरच चुकीची होती. सूचना नाशिकच्या गृहस्थांनी लिहिल्या होत्या. ती मुलगी टिकली. आता तिला नोकरी आहे, तरी रविवारी कोड तपासायला ती असते. परवा माझीच दुरुस्ती तिने परत पाठवली. खाली लिहिलं होतं, "काका, चाचण्या कुठे आहेत?"

यंदाचे अर्ज येऊन पडलेत आणि मेंटॉर कमी आहेत. संध्याकाळी तासभर रिकामा असलेला कुणी वाचक असेल तर जरूर यावं. मानधन नाही, टी-शर्टची खात्री नाही. अर्धा ऱ ओळखता आला पाहिजे.